तात्यांनी एकदाच जाळलेलं पाचट

"पाचट कोण कोण जाळतं?" मी विचारलं.

गोदाम माणसांनी भरलं होतं, पण एकही हात वर झाला नाही. कोणी पायाच्या अंगठ्याकडे पाहत होतं, कोणी पत्र्याकडे. त्यांच्या पाठीमागचं दार उघडं होतं आणि त्या दारातून मला कालव्याच्या अंगाला उठलेला काळा धूर स्वच्छ दिसत होता. मी बोटाने दाखवला. सगळे वळून पाहू लागले.

"शेकोटी केली असंल कुणीतरी," शेतकरी गटाचे अध्यक्ष भास्करराव म्हणाले.

"भर दुपारी? उन्हात?"

"आता ज्याची त्याची आवड हाय मॅडम."

हे गाव तीर्थपुरी आणि कुंभार पिंपळगावच्या मधे कुठेतरी आहे. नाव सांगत नाही. गावाने काही वाईट केलेलं नाही, पण नाव छापलं तर गावाला वाटेल की केलं. मी शेतीशास्त्र शिकलेली बाई, राहणार जालन्याची. बरीच वर्षं माती तपासण्यात गेली. आता एका कंपनीसाठी 'फिल्ड मॅनेजर' म्हणून काम करते. कंपनी पुण्याची, पैसे परदेशातले आणि ऊन घनसावंगी तालुक्याचं, अशी या नोकरीची वाटणी आहे.

काम काय ते थोडक्यात सांगते. ऊस तोडून नेला की शेतात वाळलेल्या पानांचा गुडघाभर थर उरतो. त्याला पाचट म्हणतात. तोडलेल्या उसाची खोडं पुन्हा फुटतात आणि त्यावर दुसरं पीक येतं, तो खोडवा. खोडव्याला पाणी द्यायला, खत टाकायला पाचट मधे येतं. म्हणून शेतकरी एक काडी लावतो आणि तासाभरात शेत मोकळं करतो. धूर वर जातो, मातीतला जीव खाली जळतो. पाचट तसंच कुजू दिलं तर दोन्ही टळतं, पण त्याला वेळ लागतो आणि त्याची बारीक कुट्टी करायला मशीन लागतं.

आता यात परदेशाचा काय संबंध? जगातल्या बहुतेक देशांनी मिळून एक करार केला आहे, की हवा आणखी तापू द्यायची नाही. प्रत्येक देश आपण किती धूर कमी करणार ते सांगतो. त्यामुळे तिकडच्या कारखान्यांवर दडपण येतं. त्यांना स्वतःचा धूर कमी करणं जड जातं, मग ते दुसरीकडे कोणी कमी केला तर त्याला पैसे देतात आणि ती घट आपल्या खात्यावर मांडतात. हे योग्य की अयोग्य यावर भांडणारे पुष्कळ आहेत, माझ्या घरातही आहेत. आमची कंपनी मधली. गावाने दहा वर्षं पाचट जाळायचं नाही, कंपनीने कुट्टी मशीन द्यायचं आणि दरवर्षी एकरी मोबदला द्यायचा, असा आमचा कागद होता.

पण कमी केलं हे सिद्ध करायचं तर आधी किती होतं ते माहीत हवं. त्याला 'बेसलाइन' म्हणतात, म्हणजे सुरुवातीची रेघ. त्या रेघेच्या किती खाली आलात, त्याचे पैसे. आणि आमची रेघच निघत नव्हती.

हिवाळ्यात एका एजन्सीची माणसं मोबाइल घेऊन गावात येऊन गेली होती. घरोघरी विचारलं, पाचट जाळता का? अख्ख्या गावाने कानावर हात ठेवले. गावाचा तरी काय दोष? आमच्या भागात शर्ट खोचलेला माणूस दारात येऊन काही विचारू लागला की त्याला दोनच उत्तरं असतात. तो नुकसानीचं विचारत असेल तर सगळं गेलं म्हणायचं. गुन्ह्याचं विचारत असेल तर आम्ही त्यातले नाहीच म्हणायचं. पाचट जाळलं तर दंड होणार, योजना बंद होणार, अशी कुजबुज नुकतीच तालुकाभर झाली होती. त्यामुळे हा माणूस दुसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारतोय, असं गावाने ठरवलं.

पुण्याहून माझे वरिष्ठ देशमाने सर यांचा फोन आला.

"मॅडम, तुमचं गाव एकदम आदर्श आहे. कोणीच जाळत नाही."

"सर, अर्धा जिल्हा जाळतो. हे गाव त्याच जिल्ह्यात आहे."

"उपग्रहातूनही जाळ दिसतोय, मान्य. पण माणसं नाही म्हणतात. दोन्ही जुळल्याशिवाय तपासणारे मान्य करणार नाहीत. जाळतच नाहीत तर थांबवणार काय? एक तर खरं वदवून घ्या, नाही तर हे गाव बंद करून टाका."

म्हणून ती गोदामातली बैठक. शेकोटीवर मी वाद घातला नाही. खुर्ची पुढे ओढली आणि दंडाचं काही नाही, मी सरकारी नाही, ज्यांनी आजवर जाळलं त्यांचीच नावं या करारात बसणार आहेत, असं सरळ सांगून टाकलं.

गोदामात थोडी कुजबुज झाली. मग भास्कररावांनी घसा साफ केला.

"तसं पाहिलं तर मीबी जाळतो मॅडम. दरसाल. चांगलं बांधापासून बांधापर्यंत."

त्यानंतर हातांना आवर राहिला नाही. जे मघाशी पत्र्याकडे पाहत होते ते आता एकमेकांवर कडी करू लागले. एकाने आहे त्यापेक्षा जास्त एकर जाळले. एकाकडे तर सगळी कपाशी होती. "तुमच्याकडे ऊस कुठे आहे?" विचारलं तर म्हणाला, "पुढल्या साली लावणार हाय, लावला की जाळीन." मला हसू आवरेना. जे गाव सकाळी धुतल्या तांदळासारखं होतं, ते दुपारी चहा येईपर्यंत जिल्ह्यात पहिल्या नंबरचं जाळणारं झालं होतं.

पुढचे काही दिवस मी नकाशा घेऊन बांधाबांधाने फिरले. आकाशातून जाळाचे ठिपके दिसतात, ते कोणाच्या शेतात पडले ते पाहायचं, मालकाचं बोलणं त्याच्याशी जुळवायचं आणि मगच नाव लिहायचं. कपाशीवाला गळला, जास्तीचे एकर गळले. बाकी बहुतेकांचं जुळलं. फक्त कालव्याकडच्या पट्ट्याच्या अगदी मधोमध एक शेत होतं, त्याच्यावर कुठल्याच वर्षी एकही ठिपका नव्हता. चारी बाजूंनी जाळ आणि मधे एक कोरा चौकोन.

ते निवृत्ती तात्यांचं शेत. तात्या साठीचे, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहणारे. मी विचारलं, तुम्ही जाळत नाही?

"न्हाई."

"का?"

मला वाटलं, आता मातीविषयी काहीतरी ऐकायला मिळेल.

"ठिबकच्या नळ्या हायेत ना. जाळायचं म्हणलं की समद्या गुंडाळून बांधावर न्याव्या लागतेत, मंग पुन्यांदा पसरायच्या. कोण करंल? कंटाळा हाय मला त्याचा. दहा-अकरा वर्षं झाले, तसंच पडू देतो."

त्यांच्या पत्नी कौसाबाई गोठ्यातून म्हणाल्या, "त्यांला समद्याचाच कंटाळा हाय."

कारण काहीही असो, माती मात्र झकास होती. मूठभर उचलली तर हातात सैल पडली, ओलसर, काळीशार, गांडुळांनी भरलेली. शेजारच्या शेतात तीच जमीन उन्हात तडकली होती.

तर मजा अशी. पहिल्या खेपेला सगळं गाव खोटं बोललं, तात्या खरं बोलले. दुसऱ्या खेपेला बहुतेक गाव खरं बोललं, तेव्हाही तात्या खरंच बोलले. दोन्ही वेळा एकच उत्तर देणारा हा एकटा माणूस होता आणि यादीत बसत नव्हता तोही हा एकटाच. ज्याने जाळलंच नाही, तो कमी काय करणार? आमच्या नियमात याला चोख इंग्रजी शब्द आहे, 'ॲडिशनॅलिटी'. करारामुळे काही नवीन घडलं असेल तरच मोजायचं. आधीपासून घडतच होतं, ते कितीही चांगलं असलं तरी मोजायचं नाही. कागदावर हा नियम मला नेहमीच बरोबर वाटत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो तोंडाने सांगावा लागणार होता.

सही करायची की नाही यावर गटाची बैठक बसली. करारात किमान क्षेत्राची अट होती. ती एकट्या कालव्याकडच्यांच्या जमिनीतून भागत नव्हती, माळावरचेही यायला हवे होते. आणि माळावरच्यांतर्फे बोलायला खरात सर होते. खरात सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांच्या वडलांनी माळावरची गायरान जमीन कसून कसून नावावर करून घेतली होती. नदीवरून पाइपलाइन आणून तिथे ऊस उभा राहिल्याला फार दिवस झाले नव्हते.

सर उभे राहिले. "मॅडम, माझा एकच मुद्दा हाय. कालव्यावरच्यांनी आमच्या बापाच्या काळापासून जाळलं. त्याच उसावर त्यांच्या माड्या चढल्या. आमच्या माळावर आत्ता कुठं पाणी आलं. यंदा पहिल्यांदा पाचट जाळलं, पहिला खोडवा फुटून राह्यला, अन तुम्ही म्हणता दोघांनीबी आजपासून सारखंच बंद करा. हे बराबर हाय का?"

"सर, धुराला काय कळतंय, कोण जुना अन कोण नवा?" भास्करराव म्हणाले.

"धुराला न्हाई कळत. आम्हाला कळतं."

"मंग काय, आम्ही बंद करायचं अन तुम्ही जाळत बसायचं?"

"तुम्ही तीस वर्षं जाळलं तवा आम्ही काही म्हणलो होतो का?"

"तुम्हाला ऊसच नव्हता!"

"तेच म्हणून राह्यलो मी."

मोठमोठ्या परिषदांचे अहवाल मी नोकरीपायी वाचले आहेत. थंड हॉलमधे, गळ्यात ओळखपत्र घालून, देशोदेशीचे लोक वर्षानुवर्षं हेच बोलत आले आहेत. आधी श्रीमंत झालेल्यांनी किती थांबायचं, मागून आलेल्यांना किती सवड द्यायची, सगळ्यांना एकच काठी का. त्यांची वाक्यं लांब असतात एवढाच फरक. मी गावाला तसं सांगितलं. ते ऐकून भास्करराव जरा खूश झाले. आपलं भांडण जगात चालू आहे, हे कोणालाही बरंच वाटतं.

"मंग त्या देशांनी काय तोडगा काढला?" खरात सरांनी विचारलं.

"करार सगळ्यांना एकच. पण आपण किती कमी करायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

"अन ठरवलेलं न्हाई पाळलं तर?"

"काही नाही. नाव खराब होतं."

गोदाम हसलं. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग त्यातून बाहेर बी पडता येत असंल?"

"येतं. एक मोठा देश करारात आला, बाहेर पडला, परत आला, परत बाहेर पडला."

"अन परत आला तवा घेतला त्याला?"

"घेतला."

"मंग लईच मोठा असंल," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा भिंतीला टेकला.

"आपल्या करारात असं जमणार नाही," मी सांगितलं. "इथे बाहेर पडलात तर मशीन परत द्यावं लागेल."

म्हणजे गावाला जगापेक्षा कडक नियम लावून राह्यले, असं कोणीतरी म्हणालं. ते खरंच होतं.

शेवटी तोडगा गावानेच काढला. कालव्याकडच्यांनी येत्या हंगामापासून जाळणं बंद करायचं, माळावरच्यांनी त्याच्या पुढच्या हंगामापासून. आणि मशीन आधी माळावर फिरवायचं, कारण जाळणं बंद करायला वेळ मिळाला तरी कुट्टीची सवय त्यांना आत्तापासून लागली पाहिजे. भास्कररावांना हे शेवटचं कलम बिलकुल आवडलं नाही. मशीनचं उद्घाटन आपल्या शेतात होणार, असं त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं. पण माळाशिवाय क्षेत्र भरत नव्हतं. त्यांनी दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा मान हलवली. मीही पुण्याला विचारते म्हटलं आणि पुण्याने दुसऱ्याच दिवशी होकार दिला. एवढ्या सोप्या पद्धतीने हे सुटेल, अशी माझी अपेक्षा नव्हती.

त्याच बैठकीत लोक उठायला लागले, तेवढ्यात तात्या म्हणाले, "माझं काय?"

मी बसल्या जागी नियम सांगितला. शक्य तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितला. तात्या माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत ऐकत होते.

"म्हंजी जाळणाऱ्यानं सोडलं तर त्याला भेटंल."

"हो."

"अन ज्यानं जाळलंच न्हाई, त्यानं काय सोडावं?"

मी म्हटलं, "तात्या, तुमची जमीन चांगली झाली आहे, तो फायदा आहेच की तुम्हाला."

"जमिनीचं न्हाई म्हणून राह्यलो मी. पैशाचं बी राहू द्या. तुम्ही समद्यांच्या बांधावर बोर्ड लावणार ना? काय लिव्हणार त्याच्यावर?"

बोर्डाचा नमुना माझ्याच पिशवीत होता. हिरव्या अक्षरांत छापलं होतं, 'येथे पाचट जाळले जात नाही'.

"म्हंजी ह्यो भास्कर, ज्यानं जन्मभर जाळलं, त्याच्या बांधावर ह्यो बोर्ड. शेजारच्या सोपानच्या बांधावर बोर्ड. माझ्या चारी बाजूंनी बोर्ड. अन माझ्या बांधावर न्हाई. रस्त्यानं जाणारा काय म्हणंल? ह्यो एकटाच जाळत असंल."

भास्करराव खाली पाहू लागले.

"मंग असं करतो," तात्या शांतपणे म्हणाले. "यंदा एकदा जाळतो. पुढच्या साली सोडतो. मंग तर बसंन ना मी?"

नियमाने बसत होते. बेसलाइनचं वर्ष मार्चअखेर संपत होतं. त्याआधी जाळ दिसला आणि मालकाने कबूल केलं की झालं. मी गाडीत बसून देशमाने सरांना फोन लावला.

"सर, या एका माणसाला अपवाद करता येईल का? याने अकरा वर्षं जाळलेलं नाही."

"मॅडम, तोच तर प्रॉब्लेम आहे."

"तो आता जाळतो म्हणतोय. आपल्या नियमासाठी."

सर म्हणाले, "आपण कोणाला जाळा म्हणून सांगू शकत नाही."

"जाळू नका म्हणून सांगू?"

"ते सांगा. पण मग त्यांचं नाव येणार नाही, हेही सांगावं लागेल. दोन्ही सांगा आणि तिथून निघा. शेत त्यांचं आहे."

मला राग आला. सरांचा नाही, कारण ते चुकीचं काही बोलत नव्हते. चुकीचं कोणीच काही बोलत नव्हतं आणि तरी एक चांगलं शेत जळायला निघालं होतं, याचा राग आला.

मार्च सरत आला तेव्हा तात्यांनीच फोन केला. या, म्हणाले. मी गेले. त्यांचा ऊस तुटून गेला होता. नळ्यांची भेंडोळी बांधावर ओळीने ठेवलेली होती. कौसाबाई पाण्याचा ड्रम भरून उभ्या होत्या. बांधापलीकडच्या खोडव्याकडे जाळ जाऊ नये म्हणून तात्यांनी त्या बाजूचं पाचट ओढून पट्टा मोकळा केला होता. कंटाळा असलेल्या माणसाने एवढं काम केलेलं पाहून मला धडकीच भरली. हा माणूस नुसता बोलत नव्हता.

"मॅडम, सांगा," तात्या म्हणाले. "जाळू का नको?"

"कंपनी म्हणून मी काही सांगू शकत नाही."

"मंग कामून आल्ता तुम्ही?"

हे मात्र बरोबर होतं. कंपनी म्हणून मला तिथे काहीच काम नव्हतं.

"जाळू नका तात्या," मी म्हटलं. "कंपनी राहू द्या बाजूला. एवढी वर्षं माती पाहत आले मी. अशी माती मला या तालुक्यात दुसरीकडे दिसली नाही. तुमच्या पाया पडते, जाळू नका."

"मंग नाव येईल का माझं?"

"नाही."

त्यांनी कौसाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "एकदाचं काय ते करा जल्दी. ऊन चढून राह्यलं."

तात्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली आणि काडी लावली.

मला वाटलं होतं, भडका उडेल. तसं झालं नाही. वरचं सुकं पाचट पेटलं, पण खालचा वर्षानुवर्षांचा थर ओलसर होता, तो धुमसत राहिला. नुसता पांढरा धूर. तात्या काठीने उलथवत होते, पुन्हा काडी लावत होते. घामाने भिजले. जाळायची सवय सुटली की हात बसत नाही, असं खोकत खोकत म्हणाले. भास्करराव बांधावरून पाहत होते. न राहवून ते खाली उतरले, धोतराचा सोगा खोचला आणि कोणत्या कोपऱ्यातून लावलं म्हणजे चांगलं पेटतं, ते त्यांनी तात्यांना दाखवलं. गावातल्या सगळ्यात जुन्या जाळणाऱ्याने गावातल्या एकुलत्या न जाळणाऱ्याला जाळायला शिकवलं, नियमात बसावा म्हणून. मी गाडीत जाऊन बसले. मला तिथे थांबवेना.

दोन दिवसांनी नकाशात तात्यांच्या चौकोनावर ठिपका उमटला. मी नाव लिहिलं. सह्या झाल्या, मशीन आलं, आधी माळावर फिरलं, खरात सरांनी त्याला हार घातला. बोर्ड लागले. तात्यांच्या बांधावरही लागला. पुढच्या हंगामात कालव्याकडे खरोखरच कोणी जाळलं नाही, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगते.

वर्ष संपल्यावर मातीचे नमुने तपासायला गेले. मातीत कार्बन किती वाढला ते मोजायचं असतं. तात्यांच्या शेताचा आकडा आला तो पाहून प्रयोगशाळेने पुन्हा तपासला. तरी तोच आला. झालं होतं असं की सुरुवातीचे नमुने घेतले तेव्हा तात्या यादीत नव्हते, म्हणून त्यांच्या शेतातून नमुना घेतलाच नव्हता. त्यांच्या नावापुढे सुरुवात म्हणून गटाची सरासरी धरली होती. एका जाळाने वरचा थर गेला, खालची माती बरीचशी वाचली होती. म्हणजे जी सुपीकता अकरा वर्षांची होती, ती कागदावर एका वर्षाची दिसत होती.

देशमाने सर खुशीत होते. "मॅडम, परदेशातून विचारणा आलीये. या शेतकऱ्याने एका वर्षात हे कसं साधलं? त्यांची पद्धत लिहून मागवलीये. इतर गावांत वापरणार आहेत."

"सर, ते एका वर्षातलं नाही. मी कळवलं होतं."

"हो, पण आपण नियमानेच मोजलंय ना? तुम्ही पद्धत लिहून पाठवा."

मी पुन्हा तात्यांकडे गेले. ते बाजेवर बसून शेंगा फोडत होते. मी म्हटलं, "तात्या, परदेशातल्या लोकांना तुमची पद्धत पाहिजे. काय लिहू?"

"पद्धत?" तात्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. "लिव्हा. अकरा वर्षं कंटाळा करायचा. मंग तुमच्यासारखं कुणीतरी आलं की एकदा जाळायचं."

मी तसंच लिहून पाठवलं, एका शब्दाचाही फरक न करता, खाली सगळा हिशोब जोडून. हे पुढे पाठवता येणार नाही, असं पुण्याहून उत्तर आलं. शेवटी अहवालात 'शेतकऱ्याचे सातत्य' असे दोन शब्द गेले. ते खोटे नव्हते, म्हणून मीही ताणलं नाही.

आता नव्या गावात गेले की पाचट कोण जाळतं हे मी आधी विचारत नाही. कोण जाळत नाही, ते विचारते. एखाद-दुसरा सापडतोच. त्या नावांचा कंपनीला काही उपयोग नसतो. तरी मी त्यांना बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगते. एक, या करारातून तुम्हाला काही मिळणार नाही. दोन, म्हणून जाळू नका. बहुतेक जण पहिली गोष्ट ऐकून उठतात.